मध्यरेषेवर झोपलेली उसळ

कुत्र्याची पिल्लं कबड्डी खेळत नाहीत. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण डोंबिवलीत आणि कल्याणात मला ओळखणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी विचारतो, "त्यांना शिकवता कसं हो?" शिकवत नाही. पिल्लांना मॅटवर सोडायचं, ती जे काही करतील ते कॅमेऱ्यात पकडायचं, आणि नंतर मी माइकसमोर बसून त्याला कबड्डी म्हणायचं. काही वर्षं ही माझी नोकरी होती. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. सुरुवातीला वाटायची.

मी कळव्याची. आमच्या चाळीतल्या खोलीत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा छापखान्यात कामाला होते. मोर्चाची पत्रकं, जयंतीच्या स्टॉलवर विकायच्या पातळ पुस्तिका, संपाची आवाहनं, जे जे त्यांच्या हातून छापलं जाई त्याची एक प्रत घरी येई. मी वाचायला शिकले ती त्यावरच. त्यामुळे माझ्या शाळेतल्या निबंधांचा शेवट 'हाणून पाडा' असाच व्हायचा. मग विषय पावसाळ्याची सहल का असेना. बाबांचा नियम एकच होता. आवाज हवा तेवढा चढव, पण खोटी गोष्ट छापायची नाही. एक खोटी सापडली की लोक बाकीच्या खऱ्याही रद्दीत टाकतात, असं ते म्हणायचे.

असली मुलगी डोंबिवलीच्या एका लोकल केबल चॅनेलवर बातम्या लिहायला लागली. पाणी का येत नाही, रस्ता तिसऱ्यांदा का खणला, यावर मी पेटून लिहायचे आणि आमचे मालक नंदूशेठ त्यातलं अर्धं कापायचे. एक दिवस त्यांनी मला मोबाइलवर काहीतरी दाखवलं. परदेशात म्हणे त्यांच्या मोठ्या फुटबॉल सामन्याच्या दिवशी एक चॅनेल कुत्र्याच्या पिल्लांचा सामना दाखवतं. छोटं मैदान, पंच, स्कोअर, सगळं. ज्यांना फुटबॉल कळत नाही तेही बघतात. शेठ म्हणाले, "आपण कबड्डी करू. लीगच्या फायनलच्या दिवशी संध्याकाळी, खऱ्या सामन्याच्या आधी. कमेंट्री तू लिहायची, तूच बोलायची."

मी त्यांना बरंच सुनावलं. लोकांना प्यायला पाणी नाही आणि आपण कुत्री नाचवणार, वगैरे. शेठ शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "मित्रा, तुझं पाणी बघायला कोण थांबत नाही. पिल्लू बघायला थांबले तर मध्ये तुझं पाणी घुसवू." माझं पूर्ण नाव संघमित्रा. ते फक्त बाबा घेतात.

आता हा प्रकार कसा बनतो ते सांगते. एका क्रीडा मंडळाचा हॉल आणि त्यांचं खरंखुरं मॅट आम्ही एका दिवसासाठी मागून आणायचो. लसीकरण झालेली पिल्लं, दोन संघ, गळ्यात रंगीत रुमाल. या रुमालांच्या रंगावर पहिल्या वर्षी सर्वांत मोठी मीटिंग झाली. भगवा नको, निळा नको, हिरवा तर नकोच, पांढरा म्हणजे पुढारी. शेवटी गुलाबी आणि जांभळ्यावर भागलं. संघ मात्र ठरलेलेच होते, डोंबिवली पूर्व आणि डोंबिवली पश्चिम. पंच म्हणून जनावरांच्या दवाखान्यातला एक मुलगा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून उभा असे. त्याला शिट्टी वाजवायची बंदी, पिल्लं घाबरतात म्हणून. त्याचं मुख्य काम फडकं घेऊन मॅट पुसणं. त्याला मी कमेंट्रीत 'ओलसर खेळपट्टीमुळे सामना थांबला' म्हणायचे आणि लोक दरवर्षी तितकेच हसायचे.

पिल्लू दहा मिनिटं खेळतं आणि एक तास झोपतं. म्हणून आळीपाळीने सोडायची. कॅमेरा जमिनीला टेकलेला, काचेसमोर उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. पिल्लाने मध्यरेषा ओलांडली की चढाई. समोरच्याला नाक लावून परत आलं की गुण. परत न येता तिथेच त्याच्याशी लोळायला लागलं तर पकड. एवढेच नियम. दिवसभराच्या चित्रणातून अर्ध्या तासाचा सामना जुळवायचा, म्हणजे गुणफलक हॉलमध्ये तयार होत नाही, एडिटिंगच्या टेबलावर तयार होतो. हे बाहेरच्या लोकांना सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. पश्चिमेतले एक निवृत्त बँक अधिकारी तर दरवर्षी फोन करून मला विचारायचे की सलग हरवायला पश्चिमेने तुमचं काय वाकडं केलंय. मी त्यांना कधी खरं सांगू शकले नाही. मग एका वर्षी पश्चिमेला जिंकवलं, तर पूर्वेतून फोन आले.

पहिला कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी मी मुद्दाम बाहेर फिरले. स्टेशनजवळच्या एका चहाच्या दुकानात सगळे माना वर करून बघत होते. भाजीची पिशवी धरलेल्या बायका, गणवेशातला वॉचमन, कॉलेजची पोरं. माझा आवाज येत होता आणि मला कुणी ओळखत नव्हतं. मी तिथे उभी राहून ही लोकांना झोपवायची गोळी आहे, असा लेख मनात लिहायला सुरुवात केली होती. मग शेजारचा वॉचमन आपणहून माझ्याशी बोलला. "हरलं तरी त्याला माहीतच नाय ना. बघा, जिंकलेल्याच्याच कानाला चावतंय." तो लेख मी पूर्ण केला नाही. ज्याला दिवसभर कुणीतरी सांगत असतं की तू मागे पडलास, त्याने अर्धा तास असा सामना बघितला तर त्याला गुंगी आली असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

कार्यक्रमाच्या शेवटी आम्ही फोन नंबर द्यायचो. पिल्लं दत्तक मिळतील. इथे माझा खरा संताप सुरू झाला. फोन मीच घ्यायचे. लोक विचारायचे, पांढरं आहे का? तांबूस असलं तरी चालेल. नर आहे ना? मादी नको हो, नसती भानगड. काळं नको, शनिवारी जन्मलंय का, रात्री दिसायचं नाही. एक बाई तर अगदी मायेने म्हणाल्या, "तशी मला काळी चालेल, पण सासूबाईंना उजळ लागतं." ही वाक्यं मी आधीही ऐकली होती. ती कुत्र्यांबद्दल नव्हती. मला बघायला आलेले लोक निरोप पाठवायचे, तो याच शब्दांत.

आमची बरीचशी पिल्लं यायची मालतीकाकूंकडून. काकू ठाकुर्लीला एका जुन्या बैठ्या घरात पोळीभाजीचे डबे करायच्या. मूळ मालवणच्या, एकट्या. गल्लीतली कुत्री त्यांच्या मागच्या अंगणात वाढायची आणि पिल्लांची नावं त्या दिवशी डब्यात काय होतं त्यावरून पडायची. घेवडा, मेथी, भोपळा. पिल्लू कुणाला देण्याआधी त्या स्वतः घर बघायला जायच्या. मला सोबत न्यायच्या, कारण मी टीव्हीतली. तिथे त्या पंख्याखाली बसून पाणी प्यायच्या आणि असे प्रश्न विचारायच्या की घरमालकाला घाम फुटे. गावाला जाता तेव्हा कुठे ठेवणार? नसबंदीचं ऑपरेशन कधी करणार? भांडण झालं की घरात वस्तू फेकता का?

मी सांगतेय त्या वर्षी काकूंच्या अंगणात दोन काळी पिल्लं होती, सख्खी भावंडं. नावं ठेवली त्या दिवशी डब्यात काळ्या वाटाण्याची उसळ होती, म्हणून नर वाटाणा आणि मादी उसळ. वाटाणा म्हणजे नुसता फटाका. उसळ दिवसभर झोपायची. आजारी नव्हती, डॉक्टरांनी तपासलं होतं. दिवसा झोपायची आणि अंधार पडला की डोळे उघडून अंगणभर हिंडायची.

त्याच वर्षी काकूंचं घर पुनर्विकासात पाडायचं ठरलं. काकू बदलापूरला भावाकडे जाणार होत्या. भावाने एक कुत्रं आणायची परवानगी दिली होती आणि ती जागा अंगणातल्या म्हाताऱ्या, आंधळ्या मोतीची होती. गल्लीतल्या मोठ्या कुत्र्यांना शेजारपाजारचे जेवू घालणार होते. पिल्लं मात्र जायला हवी होती. घेवडा गेला, मेथी गेली. वाटाण्यालासुद्धा काळा असून घर मिळालं, त्याच्या उड्या बघून शूटिंगच्या हॉलमधल्याच एका मुलाने त्याला मागून घेतला. राहिली उसळ. तोवर काकूंनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मित्रा, हिचं तेवढं बघ गो. पाडायला येतील तेव्हा ही आत कुठेतरी झोपलेली राहील, ह्याच विचारान माझ्या जेवणावरची वासना गेली."

त्याआधी, शूटिंगच्या दिवशी, वाटाण्याने अफलातून चढाया केल्या होत्या. उसळ मॅटवर सोडल्या सोडल्या मध्यरेषेपर्यंत चालत गेली, त्या पांढऱ्या पट्टीवर आडवी झाली आणि झोपली. तिच्यावरून पिल्लं उड्या मारत होती, तिची शेपटी ओढत होती. तिने एकदा डोळा उघडला आणि मिटला.

मी दोन दिवस पाण्याच्या बातमीसाठी बाहेर होते, तेवढ्यात नंदूशेठनी जाहिरात चालवली. वाटाण्याची चढाई, आणि त्यावर नाव उसळ. वर लिहिलेलं, 'पूर्वेची काळी वीज!' शेठचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. काकूंची काळजी त्यांच्याही कानावर होती. दोघंही काळे, कोणाला कळतंय, असा त्यांचा हिशेब. फोन खणाणले. पहिल्यांदाच काळ्या मादीसाठी फोन. मी परत येईपर्यंत ठाण्याच्या एका मोठ्या सोसायटीतलं कुटुंब काकूंच्या घरी येऊन गेलं होतं. काकूंनी त्यांचं घरही बघितलं होतं. सज्जन माणसं, दोन मुलं, गॅलरीला जाळी. काकूंच्या घरी टीव्ही नव्हता, त्यांना जाहिरातीचं काही माहीत नव्हतं. त्यांनी आनंदाने उसळला हातात दिलं.

चौथ्या दिवशी ते तिला घेऊन परत आले. मी तेव्हा काकूंच्याच ओट्यावर होते. त्या गृहस्थांनी आवाज चढवला नाही. मुलं शाळेतून येतात तेव्हा ही झोपलेली असते, म्हणाले, आणि रात्री सगळे झोपले की घरभर नखं वाजवत हिंडते, खालच्या मजल्यावरून तक्रार आली. त्यांची धाकटी मुलगी रडून लाल झाली होती. तिने जाताना मला विचारलं, "ही ती नाहीये ना?" मी म्हटलं, "नाही गं." काकू माझ्याकडे वळल्या, आणि परत आल्यापासून मी न काढलेला जाहिरातीचा विषय मला त्यांना सांगावा लागला.

काकू ओरडल्या नाहीत. उसळला मांडीवर घेऊन एवढंच म्हणाल्या, "हिचा काय चुकला? हिना सांगितला होता, मी पळतंय म्हणून?"

मी तशीच चॅनेलवर गेले. फायनलला दोन दिवस होते आणि एडिटिंग चालू होतं. टेबलावर तीच योजना होती, वाटाण्याच्या चढाया उसळच्या नावावर. मी शेठना म्हटलं, हे लागलं तर कमेंट्री दुसऱ्याकडून करून घ्या.

"अगं, तुझंच काम करतोय ना मी," शेठ वैतागले. "तुलाच काळीला घर पाहिजे होतं."

"तिला घर पाहिजे, शेठ. वाटाण्याच्या चढाया दाखवून घर मिळालं तर ते वाटाण्याचं घर. तिला परत हाकलतील."

"मग काय दाखवू? झोपलेली दाखवू?"

"हो."

"अर्धा तास?"

"ती जेवढी झोपलीय तेवढा वेळ."

शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "पत्रक काढणार तू, कळलं मला. काढ." आणि चहा मागवला. हा माणूस माझं अर्धं लिखाण कापायचा, पण वाद हरला की चहा मागवायचा. त्या दिवशी मला तो आवडला.

त्या रात्रीत मी कमेंट्री पुन्हा लिहिली. खोटा एकही शब्द घालायचा नव्हता, आणि तरी तिच्यावरून नजर हलता कामा नये होती. मी ठरवलं की सामना नेहमीसारखा चालू द्यायचा, पण दर थोड्या वेळाने मध्यरेषेवर यायचं. 'उसळने जागा सोडलेली नाही.' 'पश्चिमेच्या तीन खेळाडूंनी उसळच्या अंगावरून चढाई केली, उसळचं मत अजून समजलेलं नाही.' 'दोन्ही संघ थकलेत. मैदानात ताजातवाना खेळाडू एकच.' आणि अगदी शेवटी, दमलेली बाकीची पिल्लं एकेक करून तिच्या अंगाला टेकून पडली तेव्हा मी लिहिलं होतं, 'ही उसळ. मादी. काळी. दिवसा झोपते, रात्री जागते. तिने आज एकही गुण मिळवला नाही आणि सगळे खेळाडू शेवटी तिच्याकडे आलेत. जशी आहे तशीच हवी असेल तर फोन करा. नसेल तर कृपा करून करू नका.'

फायनलच्या संध्याकाळी कार्यक्रम लागला. माझं हे शेवटचं वाक्य ऐकून शेठनी कपाळाला हात लावला. नंतर फोन पुष्कळ आले. सगळे हसत होते, तिचं कौतुक करत होते, आणि मग दुसऱ्याच पिल्लाबद्दल विचारत होते. तो तांबूस कोण? पांढऱ्या कानाचा अजून आहे? बँकवाले साहेब म्हणाले की उसळ पश्चिमेची असती तर आम्ही जिंकलो असतो. दुसरा दिवस गेला. तिसराही. काकूंच्या गल्लीच्या टोकाशी पाडकामाचे पत्रे लागले.

मग दुपारी एक फोन आला. बाई दबक्या आवाजात बोलत होती, जणू शेजारी कुणी झोपलंय. नाव सुनंदा, राहायला कल्याण पूर्वेला, एका खासगी दवाखान्यात रात्रपाळीची आया. तिने रंग विचारला नाही, नर-मादी विचारलं नाही. तिने विचारलं, "ती दिवसा खरंच झोपते, की तुम्ही टीव्हीसाठी सांगितलं?"

मी म्हटलं खरंच झोपते. ती म्हणाली, "आमच्या चाळीत मला आळशी म्हणतात हो. दुपारी दार लावून झोपते म्हणून. पोरं मुद्दाम कडी वाजवून पळतात."

दुसऱ्या दिवशी काकू, मी आणि कापडी पिशवीत झोपलेली उसळ, असे रिक्षाने कल्याणला गेलो. दोन खोल्यांचं घर, पुढे एवढासा ओटा. सुनंदाने डोळ्यांवर पाणी मारून दार उघडलं. आतल्या पलंगावर तिची म्हातारी आई बसलेली होती, पाठ भिंतीला टेकून, डोळे टक्क उघडे. काकू नेहमीप्रमाणे पंख्याखाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि सुरू झाल्या. गावाला कोण जातं? लस कुठे देणार? ऑपरेशन? सुनंदा दवाखान्यातली, सगळ्याची नीट उत्तरं देत होती. माझं लक्ष काकूंच्या शेवटच्या प्रश्नाकडे होतं. ठाण्याहून उसळ परत आली होती ती त्याच कारणाने.

"तू रात्री कामावर. ही रात्रभर जागी. मग हिच्याकडे बघणार कोण?"

सुनंदाने आईकडे बघितलं. पलंगावरून उत्तर आलं.

"मी असते की. मला कुठे झोप लागते? ही गेली की मी आणि ट्यूबलाइट. सकाळपर्यंत भिंतीशी बोलते. आणा इकडे, बघू तोंड तिचं."

काकूंनी पिशवी पलंगावर ठेवली. उसळने डोकं बाहेर काढलं, म्हातारीच्या लुगड्याचा वास घेतला आणि तिच्या मांडीला पाठ लावून पुन्हा झोपली. म्हातारीने तिचा कान उलटा करून आत बघितलं, पोट दाबून बघितलं, आणि लेकीला म्हणाली, "काळी आहे ते बरं. तुझ्यावर गेली म्हणतील." सुनंदा इतकी हसली की तिला पदर तोंडावर धरावा लागला. मीही हसले. इतकी वर्षं तो शब्द ऐकून मी पेटत आले आणि त्या खोलीत तो पहिल्यांदा घरचा वाटला.

काकूंनी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यांनी पिशवी घडी करून कमरेला खोचली.

त्यानंतर मी कार्यक्रमाची आणखी काही पर्वं केली, मग चॅनेल सोडलं. आता पुन्हा पाण्यावर लिहिते, आणि माझं लिखाण कुणी कापत नाही. वाचतं कोण, हा वेगळा प्रश्न. नंदूशेठनी पिल्लांच्या मध्ये पाण्याची बातमी घुसवायचा शब्द पाळला होता, हेही इथे लिहून ठेवते. त्या अर्ध्या तासात माझं पाणी जेवढ्या लोकांनी ऐकलं तेवढ्या लोकांनी ते पुन्हा कधी ऐकलेलं नाही. काळ्या मादीसाठी पुढच्या वर्षी फोन वाढले का? फार नाही. एका कार्यक्रमाने लोकांची नजर बदलत नाही, आणि तशी ती बदलली असं लिहिणं खोटं होईल.

त्या दिवशी मी आणि काकू रिक्षाने परत येत होतो. त्यांना बदलापूरला जायला चार-पाच दिवस होते. मी त्यांना म्हटलं, जायच्या आधी एकदा येऊन बघून जाऊ तिला. सुनंदाने या म्हटलंय.

"नको," काकू म्हणाल्या. "एकदा परत आणलेली आहे ती. आपण दारात दिसलो तर तिला वाटेल, न्यायलाच आलो."